ग्लासाखालचं कुपन

१

कहवाखानेवाला इल्हामी कोळशाच्या खोलीत गेला तो शेगडीसाठी दोन फावडी कोळसा आणायला. पहिलं फावडं रुतलं ते कोळशात नाही, माणसाच्या पोटरीत.

त्याने बॅटरी मारली आणि बोंब ठोकली. ती ऐकून कहवाखान्यातली चाळीस माणसं मागच्या अंगणात धावली. आत सेत्तार उस्ता पडला होता. तीस वर्षं खाणीत लाकडाचे टेकू लावलेला, अख्ख्या मोहल्ल्याचा उस्ता, म्हणजे वस्ताद कारागीर, डोकं मागून नारळासारखं फुटलेलं. जबडा बळंच उघडलेला, पुढचा एक दात तुटून ओठात रुतलेला, आणि तोंडात कागदाचा बोळा. दोन्ही कानांत कापूस होता, एका बाजूचा रक्ताने भिजून लाल झालेला.

"हात लावू नका!" मुहित्तीन गुरुजी ओरडले. निवृत्त गणितशिक्षक ते, शिस्तीचे. पण कुणीतरी बोळा ओढून काढलाच होता, आणि मग गुरुजींनाही राहवलं नाही. त्यांनी तो उलगडला. कुपन होतं. फुटबॉलच्या पैजेचं, दहा सामन्यांचं, हजार लिराचं. गुरुजींचं बोट खाली घसरत दहाव्या ओळीवर थांबलं.

"एक," ते पुटपुटले. "उस्ताने एक लावलाय. शून्य नाही लावलं."

एवढ्यात तुर्गुत धापा टाकत अंगणात आला. उस्ताचा जावई, तिशीचा, खाणीतला गडी. हात काळे, उजव्या मुठीची सालं निघालेली. "बाबा सापडले का? अरे, लागलं ना कुपन! मी धक्क्यापर्यंत जाऊन आलो शोधत!"

सगळ्यांना कालची, शनिवारची दुपार आठवत होती. भर कहवाखान्यात याच तुर्गुतने सासऱ्याच्या नाकासमोर बोट नाचवलं होतं, "म्हाताऱ्या, शेवटच्या सामन्याला शून्यच लाव. आपल्या संघाच्या प्रेमापोटी एक लावलास ना, तर तेच कुपन तुझ्या तोंडात कोंबीन!"

पहिली खुर्ची कुणी फेकली ते पुढे कुणीच कबूल केलं नाही. तुर्गुतच्या कपाळावर बसली. मग लाथा सुरू झाल्या. ज्या माणसांनी अर्ध्या तासापूर्वी त्याच्या खांद्याला खांदा लावून सामना पाहिला होता, त्यांनीच त्याच्या दोन बरगड्या मोडल्या.

पोलीस कमिसार नेवीन पोचली तेव्हा अंगणात एक मेलेला होता आणि दुसऱ्याला मारायचं काम चालू होतं. तिने हवेत एक गोळी झाडली. गर्दी फाकली. तुर्गुत चिखलातून तोंड वर करून, रक्ताची गुळणी थुंकून एवढंच म्हणाला, "कुपन लागलं होतं, ताई. देवाशपथ लागलं होतं."

२

नेवीन स्वतः खाणकामगाराची पोर. सूर्यफुलाच्या बिया फोडत विचार करायची तिची सवय, आणि खोटं ऐकलं की टरफल जरा जोरात थुंकायची. कुपनातलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिने मुहित्तीन गुरुजींना कहवाखान्यातच टेबलावर बसवलं.

"गुरुजी, मला ढ पोरीसारखं शिकवा. हे कुपन म्हणजे काय?"

शिकवायचं म्हटल्यावर गुरुजी ताठ बसले. "सोपं आहे. प्रत्येक सामन्याला एक अंदाज. एक म्हणजे यजमान जिंकणार, शून्य म्हणजे बरोबरी, दोन म्हणजे पाहुणे. प्रत्येकाला एक भाव असतो. समजा, भाव दोन. म्हणजे एका लिराचे दोन."

"बरं."

"आता एकेक सामना वेगळा खेळलात तर नऊ बरोबर, एक चूक, तरी नफ्यात राहाल. पण गरिबाला नफा नको असतो, चमत्कार हवा असतो! म्हणून दहाही एकाच कुपनात बांधायचे. मग भावांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दोनाचे चार, चाराचे आठ. नऊ सामने दोनाच्या भावाने गेले की पाचशे बारा. आमच्या दहाव्याला बरोबरीचा भाव होता तीन पूर्णांक दोन. पाचशे बारा गुणिले तीन पूर्णांक दोन. हजार लिराचे झाले सोळा लाख अडतीस हजार."

नेवीनने टरफल थुंकलं नाही. "आणि एक चुकला तर?"

"तर सगळं मुसळ केरात. नऊ बरोबर आले म्हणून कुणी नव्वद टक्के देत नाही. शून्य. आम्ही म्हणतो, कुपन एका सामन्यावरून झोपलं. या टेबलावर बसणारा प्रत्येक जण, बाई, आयुष्यात कधी ना कधी एका सामन्यावरून झोपलेला आहे."

"तुम्ही तिघं भागीदार. उस्ता, तुर्गुत आणि तुम्ही. कुपनावर काय लावलंय ते तुम्ही पाहिलं नव्हतं?"

गुरुजी जरा ओशाळले. "उस्ता दाखवायचा नाही. कुपनाला नजर लागते म्हणायचा. छापून आणलं की पालथं घालायचा टेबलावर, वर चहाचा गरम ग्लास. शेवटचा सामना संपेपर्यंत कुणी उचलायचं नाही. मी गणित शिकवलं हो आयुष्यभर, पण त्या ग्लासाला हात लावायची माझीही हिंमत नव्हती."

"आणि कानात कापूस?"

"शेवटचा सामना त्याला सोसवायचा नाही. ग्लास आणि कुपन उचलायचा, कानात कापूस कोंबायचा आणि निघून जायचा. कुठे बसायचा ते आम्ही विचारत नव्हतो. विचारलं की नशीब बिघडतं. घड्याळात सामना संपला की तो आपणच परत येऊन दारात डोळे मिटून उभा राहायचा, आमच्यापैकी कुणीतरी कापूस काढला की डोळे उघडायचा. असा वेडा माणूस."

नेवीनने त्यांना रडू दिलं. मग मुठीबद्दल विचारलं.

"तुर्गुतची मूठ? आपला गोल झाला ना अडतिसाव्या मिनिटाला, तेव्हा याने संतापून शेगडीच्या धुराड्यावर ठोसा मारला. ते बघा, पोचा अजून आहे. सगळा मोहल्ला नाचत होता आणि हा एकटा आपल्याच संघाला शिव्या घालत होता. मग जादा वेळात त्यांनी बरोबरी साधली, आणि याने मला उचलून गरगर फिरवलं. 'बाबांना सांगतो' म्हणत पळाला. पुढच्या दाराने."

पोचा होता, काजळीही झडलेली होती. पण अंगणात पुढून वळसा घालूनही जाता येतं, हे नेवीनला माहीत होतं आणि सरकारी वकिलालाही कळणार होतं. तिने प्लास्टिकच्या पिशवीतलं कुपन दिव्यासमोर धरलं. चुरगळलेलं, रक्ताळलेलं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. शनिवार, बारा वाजून बावन्न मिनिटं. दहा ओळी, आणि दहाव्या ओळीत स्पष्ट एक.

दारात हवालदार बेकिर उभा होता. "बाईसाहेब, वकीलसाहेबांचा फोन होता. म्हणाले, धमकी आहे, कारण आहे, रक्ताळलेला हात आहे. उद्या दुपारी बाराला आरोपी न्यायालयात. आणि... बाहेर त्याची बायको आलीय. उस्ताची मुलगी. आठवा महिना आहे तिला."

गुलिझार उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात पोटावर. तिने रडारड केली नाही. "बाबा आत आहेत म्हणे, आणि नवरा तुमच्या गाडीत," ती म्हणाली. "दोघांपैकी आधी कुणाकडे जाऊ, ते सांगा."

३

कुपनाचं दुकान कहवाखान्याला लागूनच. दोघांची मागची दारं त्याच अंगणात उघडायची. दुकानदार वेदात म्हणजे मोहल्ल्यातला सर्वात टापटीप माणूस. बुटका, केस चापून बसवलेले, टेबलावरच्या पेन्सिली एका मापाच्या.

"बसा, बाईसाहेब. काय दिवस आला आपल्यावर! उस्ता म्हणजे मला वडिलांच्या जागी."

"शनिवारी कुपन तुम्हीच छापलंत?"

"मीच. बारा पंचावन्न झाले होते, मी जेवायला उठणारच होतो. म्हणाला, दहाव्याला एक लाव. मी म्हटलं, उस्ता, जावई चिडेल. तर म्हणाला, मी माझ्या संघाविरुद्ध पैसे लावू? त्यापेक्षा मेलेलं बरं." वेदातने डोळे पुसले. "तोंडातून निघून गेलं बिचाऱ्याच्या."

"एकच कुपन छापलं?"

"एकच. छापलं, घेतलं, गेला."

"आणि आज सामन्याच्या वेळी तुम्ही कुठे?"

"इथेच. दुकान उघडं होतं, पण गिऱ्हाईक कुठलं? सगळे इल्हामीकडे, टीव्हीसमोर. मी मोबाइलवर पाहत होतो. उस्ता इकडे फिरकलासुद्धा नाही."

नेवीनने मागच्या छोट्या खोलीत डोकावलं. एक शेगडी, एक टेबल, भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची. फरशी ओली होती.

"आज रविवारी फरशी धुतलीत?"

"रोज धुतो. कोळशाचं गाव आहे, बाईसाहेब. धुतलं नाही तर माणूस कुठला आणि कोळसा कुठला कळायचं नाही."

विनोद बरा होता. नेवीन हसली आणि बाहेर आली. आठ वाजत आले होते. वेदातही दुकान बंद करायला निघाला. त्याने आतून स्टूल आणलं, त्यावर चढला, टाचा उंचावल्या, दोनदा हात निसटला, मग कसंबसं शटर ओढून खाली आणलं. बेकिर मदतीला धावला तर वेदात कसनुसा हसला, "राहू द्या हो, सवय आहे."

नेवीनने तोंडातलं टरफल जोरात थुंकलं. कशावरून, ते तिला त्या घडीला नीट सांगता आलं नसतं. घरी जाऊन निजेपर्यंत ती तेच आठवत राहिली. रोज शटर ओढणारा बुटका माणूस स्टुलावरून असा लटपटतो कसा?

४

सकाळी ती गुलिझारकडे गेली. उतारावरचं दोन खोल्यांचं घर, शेजारणींनी भरलेलं. शोकाच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून त्यांनीच भाकरी आणि सूप आणलेलं. गुलिझार कशालाच शिवली नव्हती. नेवीनला पाहून तिने शेजारणींना बाहेर काढलं.

"त्यांनी मारलं नाही, ताई."

"प्रत्येक बायको असंच म्हणते."

"ऐका तर! माझा नवरा तोंडाचा फाटका आहे, मान्य. बाबांना म्हातारा म्हणायचा. रोज भांडायचे दोघं, आणि रोज एकाच ताटात जेवायचे. मारायचंच असतं तर तीन वर्षांत शंभरदा मारलं असतं." ती थांबली. "बाबांनी कुपनात चूक केली असं सगळे म्हणतात. एका आकड्यापायी गेले म्हणे. मला बघायचंय ते कुपन. त्यांच्या हातचं शेवटचं आहे."

नियमात बसत नव्हतं. नेवीनने तरी पिशवी तिच्या हातात दिली. गुलिझारने ती आधी सुलटी पाहिली, मग उलटी, मग पुन्हा सुलटी.

"हे बाबांचं नाही," ती म्हणाली.

"का बरं?"

गुलिझार ओट्यापाशी गेली आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. तिने तो चटईवर पालथा केला. कुपनंच कुपनं. दोनशे तरी असतील, सगळी झोपलेली. उस्ताने एकही फेकलं नव्हतं. नेवीनने एक उचललं, दुसरं उचललं, दहावं उचललं. प्रत्येकावर, आकड्यांच्या मधोमध, एक काळं वर्तुळ. काहींवर दोन, तीन, एकात एक.

"हे काय?"

"ग्लासाची खूण. हा कागद भाजला की काळा पडतो. बाबा बशी काढून गरम ग्लास तसाच ठेवायचे. कुपन पालथं असलं तरी ऊब खालपर्यंत जाते. आणि हे बघा." तिने एक कुपन उलटं केलं. वर्तुळाच्या बरोबर मागे, पांढऱ्या बाजूवर, मुंगीएवढ्या अक्षरांत पेनने लिहिलं होतं, 'गुलिझारला शिलाई मशीन'. दुसऱ्यावर, 'छपराचे पत्रे'. तिसऱ्यावर, 'माझे दात'.

"लागलं तर काय करायचं, ते आधी लिहायचे. म्हणायचे, नशिबाला पत्ता लिहून द्यावा लागतो, नाहीतर ते शेजाऱ्याकडे जातं. मग त्या अक्षरावर ग्लास. कुणाला दाखवायचे नाहीत. मला माहीत, कारण डबा मी पुसते." आता मात्र तिचा बांध फुटला. "ताई, या तुमच्या कुपनाला वर्तुळ नाही, पत्ता नाही. दोन दिवस दहा सामने झाले आणि बाबांनी एकदाही ग्लास ठेवला नाही? हे त्यांच्या तोंडात असलं तरी त्यांचं नाही!"

नेवीनने पिशवी परत घेतली. डोक्यात एकेक टरफल फुटत होतं. कानात कापूस, म्हणजे उस्ताला निकाल कळलाच नव्हता. कुपनावरून भांडण झालं असतं तर भांडणाऱ्याने आधी कापूस काढला असता. बहिऱ्या माणसाशी कुणी हुज्जत घालत नाही. मागून वार झाला, गुपचूप. मग तोंडात कोंबलं ते दुसरंच कुपन. पण तेच दहा सामने, नऊ अंदाज भागीदारांनी ठरवलेलेच, फक्त शेवटचा वेगळा, आणि छापलेलं शनिवारी, सामने सुरू व्हायच्या आधी. खेळ संपल्यावर असं कुपन मागून बनवता येत नाही.

मग शनिवारी बारा बावन्नला असं जुळं कुपन कुणाकडे असू शकतं?

तिने बेकिरला फोन लावला. "कोळशाची खोली रिकामी कर. अख्खी. शेवटचा खडा बाहेर काढेपर्यंत थांबू नकोस. काय शोधायचं? शटर ओढायचा लोखंडी आकडा."

५

साडेदहाला नेवीन वेदातच्या दुकानात शिरली. बरोबर मुहित्तीन गुरुजी, आणि इल्हामी चहाचा ट्रे घेऊन. मागच्या खोलीतली शेगडी लालभडक होती.

"वेदातभाई, एक कुपन छापा. कुठलेही दोन सामने. माझं आयुष्यातलं पहिलं."

वेदात हसला, छापलं. नेवीनने ते टेबलावर पालथं घातलं, ट्रेमधला वाफाळता ग्लास बशीतून उचलून त्यावर ठेवला आणि शांतपणे बिया फोडत बसली. थोड्या वेळाने ग्लास उचलून कुपन उलटवलं. मधोमध काळं वर्तुळ.

"उस्ताच्या दोनशे कुपनांवर हे आहे," ती म्हणाली. "तोंडातल्या कुपनावर नाही."

वेदातचा चेहरा हलला नाही. "असेल. शनिवारी विसरला असेल."

"विसरला? गुरुजी?"

"दोन्ही दिवस माझ्या नाकासमोर ग्लास होता," गुरुजी म्हणाले. "मीच तीनदा चहा भरून घेतला त्यात."

"तुम्ही काल म्हणालात, बारा पंचावन्न," नेवीन पुढे बोलली. "तोंडातलं कुपन बारा बावन्नचं आहे. वेळेबाबत तुम्ही खोटं बोलत नव्हता. खरं कुपन बारा पंचावन्नचंच होतं. तेच तुमच्या डोक्यात बसलं होतं, कारण ते तुमच्या खिशात होतं. सकाळी मी मुख्य कचेरीला फोन केला. तुमच्या यंत्रातून शनिवारी याच दहा सामन्यांची दोन कुपनं निघाली, तीन मिनिटांच्या अंतराने. पहिल्यात एक, दुसऱ्यात शून्य. उस्ताने आधी मनाचं ऐकलं, मग भागीदारांना दिलेला शब्द आठवला. म्हणाला, चुकलं, दुसरं छाप. पहिलं रद्द करायचं सोडून तुम्ही ते स्वतःच्या पैशाने ठेवून घेतलंत."

"त्यात काय गुन्हा? सगळे दुकानदार ठेवतात!"

"मग काल एकच छापलं असं का म्हणालात?"

याच वेळी मागच्या दाराने बेकिर आत आला, डोक्यापासून पायापर्यंत काळा. त्याच्या हातात हातभर लांबीचा लोखंडी आकडा होता. टोकाला पांढरे केस चिकटले होते.

इल्हामीच्या हातून ट्रे पडला. त्या खळखळाटात वेदातने स्टूल उचललं आणि बेकिरच्या तोंडावर घातलं. बेकिर कोसळला. दुसरा फटका नेवीनच्या खांद्यावर बसला, ती भिंतीवर आदळली. पण वेदात दाराकडे पळाला नाही. तो मागच्या खोलीत घुसला, मोज्यातून घडी केलेला कागद काढला आणि दुसऱ्या हाताने शेगडीचं झाकण उचलायला गेला.

नेवीन त्याच्या पाठीवर पडली. दोघं शेगडीवर आपटले. वेदातच्या तळहाताची कातडी चरचरली, तो किंचाळला, आणि कागद निसटून तापलेल्या झाकणावर पसरला. नेवीनने बोटं भाजत तो ओढून काढला, मग उरलेल्या हाताने वेदातची मान धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा पुरेसं होतं. तिने दुसऱ्यांदाही आपटलं.

तो फरशीवर बसून ओठातलं रक्त चाटत बोलू लागला. आता कुणी विचारलंही नव्हतं.

"माझं कुपन जिंकत होतं, बाईसाहेब! नऊच्या नऊ आले होते. आपला संघ एक शून्यने पुढे. अडतिसाव्या मिनिटापासून नव्वदाव्यापर्यंत मी बारा लाखांचा मालक होतो. हा म्हातारा इथे, या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. दर वेळी इथेच बसायचा. आणि जादा वेळात गोल झाला. माझं झोपलं आणि त्याच टोल्याला याचं लागलं. सोळा लाख! आणि याला पत्ताच नाही! कानात कापूस घालून बसलाय मख्खासारखा. एका आकड्याचा फरक हो. एका आकड्याचा! ज्याला माहीतसुद्धा नाही त्याला सोळा लाख, आणि मी..."

"आणि तोंडात कोंबायची कल्पना तुर्गुतने आयतीच दिली होती," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "वेदात, वर्तुळ दिसलं नाही का रे तुला? त्याचं कुपन हातात होतं ना?"

"दिसलं. डाग वाटला." वेदातने मान खाली घातली. "यंत्र डाग वाचत नाही. आकडे वाचतं."

नेवीनने मूठ उघडली. झाकणाच्या धगीने कुपनाची छापील बाजू कोळशासारखी काळी झाली होती. दहा सामने, दहा भाव, शनिवार, बारा पंचावन्न, काही काही उरलं नव्हतं. गुरुजींनी चष्मा सारखा केला, कागद खिडकीकडे धरला, बराच वेळ पाहिला.

"हे आता कुठलंच यंत्र वाचणार नाही, आणि वाचता न येणाऱ्या कागदावर कचेरी पैसे देत नाही," ते म्हणाले. "झोपलं."

नेवीनने ते उलटवलं. मागची बाजू कडेला करपली होती, बाकी पांढरी होती. मधोमध मुंगीएवढी अक्षरं होती, उस्ताच्या हातची. वेदातच्या मोज्यात ती अक्षरं सापडली, एवढं न्यायालयाला पुरणार होतं. ती वाचून नेवीन खाली बसली. बोटं आता कुठे दुखायला लागली होती.

६

बाराच्या आधी तुर्गुतला सोडलं. एक डोळा सुजून बंद, बरगड्यांवर पट्टा. पोलीस ठाण्याच्या बाकावर गुलिझार त्याच्या शेजारी बसली. नेवीनने पिशवीतलं काळं कुपन दोघांसमोर धरलं, मागची बाजू वर करून.

"हे मला ठेवून घ्यावं लागेल. पुरावा आहे. पण आधी तुम्ही वाचा."

तुर्गुतने उघड्या डोळ्याने वाचलं. 'तुर्गुतला खाणीतून वर काढायचं. छोटं दुकान. बाळ व्हायच्या आत.'

तो हसायला लागला. हसता हसता बरगड्या धरून वाकला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. "मी त्यांना म्हातारा म्हणालो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कोंबीन म्हणालो. गुलू, मी त्यांना कोंबीन म्हणालो." सासऱ्याने आयुष्यात एकदा आपल्या संघाविरुद्ध पैसे लावले होते, ते कुणासाठी, हे त्याला आत्ता कळलं होतं.

गुलिझार त्याची पाठ चोळत राहिली. "ते रोज तुला गाढव म्हणायचे. फिटलं."

दुपारी उस्ताला मूठमाती दिली. ज्यांनी तुर्गुतला लाथा घातल्या होत्या तेच खांदा द्यायला पुढे आले. त्याने कुणाला अडवलं नाही, कुणाकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर गुलिझारने शोकाला आलेल्यांची नावं लिहायच्या वहीतलं एक पान फाडलं. बापाने लिहिलेली ती ओळ तिने आपल्या अक्षरात लिहिली, जमेल तेवढी बारीक. कागद पालथा घातला. तुर्गुत शेजारणीने आणलेला चहा घेऊन नुसताच बसला होता.

"बशी काढ," ती म्हणाली. "ग्लास ठेव त्यावर."

त्याने ठेवला. दोघं चहा थंड होईपर्यंत ग्लासाकडे बघत बसले. मग तिने तो उचलला आणि पान उलटवलं. वर्तुळ काही उमटलं नव्हतं. साधाच कागद होता तो. तिने घडी घातली आणि डब्यात सगळ्यांच्या वर ठेवून दिली. खाली खाणीवर संध्याकाळच्या पाळीचा भोंगा वाजला. तुर्गुतने सवयीने मान वर केली.